विधानांवरून निष्कर्ष : 'सर्व', 'काही' आणि 'नाही' यांचे वाचन

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• संख्यावाचक शब्दांचा तर्कातील अर्थ सांगता येईल.
• दिलेला निष्कर्ष विधानांतून निघतो की नाही, हे तपासता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, स्पर्धा परीक्षांतील तर्कक्षमता चाचणीत दोन विधाने देऊन 'कोणता निष्कर्ष निघतो?' असे विचारतात. या अनुमानप्रकाराची पद्धतशीर मांडणी ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात केली. अनेकांना हा गणिताचा प्रांत वाटतो. वस्तुतः बहुतेक चुका वाक्य वाचतानाच होतात. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नांना भिण्याचे कारण नाही.

विवेचन
१. 'काही' : 'काही पाहुणे जेवले' असे ऐकताच उरलेले जेवायचे आहेत, असे आपण गृहीत धरतो. तर्कात मात्र 'काही' म्हणजे 'निदान एक'. सर्व जेवले असले, तरी ते विधान सत्यच राहते.

२. 'सर्व … नाहीत' : 'सर्व दुकाने उघडी नाहीत' या वाक्यातून 'एकही दुकान उघडे नाही' आणि 'काही दुकाने बंद आहेत' असे दोन्ही अर्थ निघू शकतात. नकार कोणत्या शब्दाला लागतो, हे मराठी वाक्यरचना येथे स्पष्ट करीत नाही. अशा वेळी 'काही … नाहीत' एवढेच खात्रीचे मानावे. कारण दोन्ही अर्थांत ते सत्य ठरते.

३. आकृतीने पडताळा : वर्तुळांच्या आकृतीची पद्धत येथे उपयोगी पडते.

*विधाने* : सर्व कवी वाचक आहेत. काही वाचक शिक्षक आहेत.
*निष्कर्ष* : (अ) काही कवी शिक्षक आहेत. (आ) काही वाचक कवी आहेत.

'कवी' हे वर्तुळ 'वाचक' या वर्तुळाच्या आत काढा. 'शिक्षक' हे वर्तुळ 'वाचक' या वर्तुळाला छेदेल. पण 'कवी' या वर्तुळाला स्पर्श न करताही ते काढता येते. म्हणून (अ) निघत नाही. कवी अस्तित्वात आहेत, हे अशा चाचण्यांत गृहीत असते. म्हणून (आ) निघतो.

येथे आपण म्हणाल, 'केशवसुत तर शिक्षक होते!' ते खरेच आहे. परंतु ती माहिती आपली आहे, विधानांची नव्हे. निष्कर्ष सत्य असणे वेगळे आणि तो दिलेल्या विधानांतून निघणे वेगळे. जाणत्या, अनुभवी विद्यार्थ्याची चूक नेमकी येथे होते : त्याला अधिक ठाऊक असते, आणि ते तो नकळत उत्तरात मिसळतो.

लक्षात ठेवा : विधाने पाळूनही निष्कर्ष खोटा ठरेल अशी एक जरी आकृती काढता आली, तरी तो निष्कर्ष निघत नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न
*विधाने* : सर्व अभंग कविता आहेत. एकही कविता कादंबरी नाही.
*निष्कर्ष* : (अ) एकही अभंग कादंबरी नाही. (आ) काही कविता अभंग नाहीत.
पुढील उत्तर पाहण्यापूर्वी आकृती काढा.

उत्तर : केवळ (अ) निघतो. (आ) वस्तुस्थितीत सत्य आहे. पण 'अभंग' आणि 'कविता' ही वर्तुळे एकच असली, तरी दोन्ही विधाने पाळली जातात.

सारांश
प्रथम शब्द नेमके वाचावेत, मग आकृती काढावी आणि स्वतःचे ज्ञान तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे. लिहिलेल्या मजकुरातून जेवढे निघते तेवढेच मान्य करण्याची ही सवय करारपत्र किंवा शासकीय परिपत्रक वाचतानाही आपल्या उपयोगी पडेल.