दूरध्वनीवरील तक्रारी व आवाजाचे दोष

व्यापार शब्दावर चालतो, आणि हल्ली हा शब्द बहुधा दूरध्वनीवरूनच येतो. मागणीत घोटाळा झाला की मुनीमास दोष दिला जातो. परंतु पुष्कळदा दोष आवाजाचा असतो. म्हणून तक्रारीचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावाचून आम्ही निवाडा करीत नाही.

प्रथम दोषाची जात ओळखावी. आपलेच बोलणे परत ऐकू आल्यास दोष बहुधा पलीकडील यंत्रात असतो. शब्द मध्येच तुटल्यास इंटरनेटवरून जाणारे ध्वनीचे तुकडे वाटेत गळाले असे समजावे. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या फार पुढे गेला, की दोघे एकदम बोलू लागतात. ध्वनिमुद्रण स्वच्छ असूनही मुनीमास ऐकू आले नसेल, तर त्याचे श्रवणयंत्र तपासावे.

साध्या दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी वाहतो. ‘स’चा सीत्कार बराचसा त्याहून वरचा. त्यामुळे ‘साठ पोती’ची ‘आठ पोती’ होऊ शकतात. यास्तव आकडा ‘सहा, शून्य’ असा फोडून ग्राहकाकडून वदवून घ्यावा.

वजनकाट्याप्रमाणेच आवाजाचीही वेळोवेळी तपासणी व्हावी. म्हणजे निरपराध नोकरावर ठपका येणार नाही व ग्राहकासही न्याय मिळेल.