ॲपच्या यादीत मालाचे चित्र

आता लहान गावातला दुकानदारसुद्धा कापडाचा माल मोबाईलच्या ॲपवर मागवू लागला आहे. ऑर्डरच्या पानावर 'रंग', 'काठ', 'जात' अशा चौकटी असतात. चौकटीवर बोट टेकवले की खाली एक यादी उघडते. ॲप बनवणारे तिला ड्रॉपडाऊन म्हणतात. बहुतेक ठिकाणी या यादीत नुसती नावे असतात. त्या नावांपुढे मालाचे लहानसे चित्र कसे द्यावे आणि कुठे देऊ नये, याचा विचार व्यापारी बांधवांसाठी येथे करीत आहोत.

नुसत्या नावाने काम का भागत नाही? आमच्या धंद्यातला 'मेहंदी' हा रंगच घ्या. कोणी त्याचा अर्थ पाल्याचा हिरवा असा घेतो, तर कोणी हातावर चढलेला तांबूस. फिरोजी एकाच्या मते निळ्याकडे झुकतो, दुसऱ्याच्या मते हिरव्याकडे. पिस्ता आणि अंगुरी यांचे तर विचारूच नये. गादीवर बसून सौदा होतो तेव्हा शेडकार्ड पुढे सरकवले की वाद मिटतो. ॲपमध्ये गादी नाही. गठ्ठा ट्रान्सपोर्टने जातो, उघडल्यावर रंग भलताच निघतो, आणि परतीचे भाडे कोणी सोसायचे यावरून वीस-वीस वर्षांचे संबंध तुटतात. शिवाय आपल्यात कोणी उर्दू वाचणारा आहे, कोणी मराठी, तर एखादा जुना कारागीर अक्षर न ओळखता कापड मात्र बोटाने ओळखतो. त्याच्यासाठी चित्र हीच लिपी होय.

ही गोष्ट नुसत्या सोयीची नाही. हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रूयत' म्हणून हक्क आहे. न पाहता घेतलेला माल प्रत्यक्ष पाहिल्यावर नाकारण्याचा हा खरेदीदाराचा हक्क. 'मुख्तसर अल-कुदूरी'त कापडाचा स्पष्ट उल्लेख आहे, की घडी घातलेल्या कापडाची वरची बाजू पाहिली तर ते पाहिलेच असे धरावे. इमाम जुफर (रह.) मात्र म्हणतात की कापड पूर्ण उलगडून पाहिले पाहिजे. 'हिदाया'त आणखी एक बारकावा आहे. ज्या नक्षीसाठी कापड घेतले जाते ती घडीच्या आत असेल, तर वरवर पाहून भागत नाही. मोबाईलवरचे चित्र म्हणजे 'पाहणे' ठरते की नाही, हा मसला उलमांना विचारावा. ॲपसाठी आम्ही यातून इतकेच घेतो की ज्या भागावर मालाची किंमत ठरते तोच भाग चित्रात असला पाहिजे.

आणि इथेच बहुतेकांचे काम फसते. यादीतले चित्र फार लहान असते. गूगलच्या सूचनेप्रमाणे बोट टेकवण्याची जागा किमान ४८ डीपी असावी. तिप्पट घनतेच्या पडद्यावर हे १४४ ठिपके झाले. एवढ्याशा चौकोनात अख्खी साडी बसवली तर नारळी काठ कोणता, करवती कोणता आणि रुईफूल कोणते, हे विणणाऱ्यालाही सांगता येणार नाही. काठाच्या यादीत फक्त काठाचा तुकडा द्यावा, रंगाच्या यादीत फक्त अंगाचा. साडी नेसलेली बाई दाखवण्याची गरजच नाही. त्यात हयाही राहते आणि कापडही नीट दिसते.

दुसरी गोष्ट वजनाची. मोबाईलने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. पडद्यावर दाखवताना दर ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला सुमारे ४८ एमबी मेमरी. वीस रंगांचे मूळ फोटो यादीत टाकले तर हिशेब ९६० एमबीवर जातो, आणि स्वस्तातला फोन तिथेच बंद पडतो. तेच चित्र १४४ ठिपक्यांचे केले तर एकाला सुमारे ८१ केबी लागते आणि वीस मिळून दोन एमबीसुद्धा होत नाहीत. फोटो आधीच लहान करून, वेबपी प्रकारात ठेवायला सांगावे.

आता ॲप बनवणाऱ्या मुलाशी काय बोलावे ते पाहू. अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत या यादीला स्पिनर म्हणतात. मिटलेली चौकट आणि उघडलेली यादी यांची मांडणी तो वेगवेगळी ठरवतो. पहिलीला गेटव्ह्यू, दुसरीला गेटड्रॉपडाऊनव्ह्यू. एकीतच चित्र घातले तर बंद चौकटीत चित्र दिसते आणि यादी उघडल्यावर नुसती नावे दिसतात, किंवा उलट. दोन्हीकडे घातले का, हे विचारून घ्यावे. जेटपॅक कंपोज या नव्या पद्धतीत ओळीच्या सुरुवातीला चित्रासाठी वेगळी जागाच ठेवलेली आहे. वेबसाइटवर चालणाऱ्या फॉर्मच्या साध्या यादीत चित्र बसत नसे. क्रोमने २०२५ मध्ये ती सोय दिली, पण सर्व ब्राउझरांवर तिचा भरवसा धरू नये.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. यादी सरकवताना फोन वर गेलेली ओळ पुन्हा खालच्या नावासाठी वापरतो. चित्र इंटरनेटवरून उशिरा आले तर ते भलत्याच ओळीत जाऊन बसते, म्हणजे फिरोजीच्या पुढे अंजिरी. चित्र नसलेले एक वेळ चालेल, चुकीचे चित्र मुळीच चालणार नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ती फसवणूकच, मग आपली नियत कितीही साफ असो. ओलसर धान्य ढिगाच्या आत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी काय बजावले, ते सर्वांना ठाऊक आहे. ग्लाइड किंवा कॉइल यांसारखे तयार साधन नीट वापरले तर हा दोष टळतो. तपासणी मात्र स्वतः करावी. नेट मंद करून यादी भराभर वर-खाली सरकवावी आणि प्रत्येक नाव चित्राशी ताडून पाहावे.

फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून घ्यावा. पिवळ्या बल्बखाली मोतिया आणि बदामी एकच दिसतात. फोटो खुलवून रंग गडद करू नये. इतके करूनही प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, आणि रात्रीची पिवळसर छटा चालू असेल तर सगळेच बिघडते. म्हणून नाव, चित्र आणि रंगखात्याचा शेड नंबर, तिन्ही एका ओळीत असावेत.

पांढरे लठ्ठा, पॉपलीन, केम्ब्रिक यांना चित्र देण्यात अर्थ नाही, तिन्ही सारखेच दिसतात. तिथे सुताचा काउंट, पन्हा आणि वजन लिहावे. चाळीस-पन्नास डिझाइने असतील तर यादीचा नादच सोडावा. बोट दुखेपर्यंत कोणी सरकवत बसत नाही. त्यासाठी पूर्ण पानावर मोठ्या चौकोनांची मांडणी बरी.

शेवटी एक हिशेबाची बाब. रंगाची नवी लॉट आली की अनेक जण जुन्या फोटोवरच नवा फोटो चढवतात. मग तीन महिन्यांपूर्वीची ऑर्डर उघडली तरी तिथे नवाच रंग दिसतो, आणि तक्रार आली तर ग्राहकाने काय पाहून माल घेतला याचा पुरावा कोणाकडेच उरत नाही. दर लॉटला नवा नंबर व नवे चित्र द्यावे, आणि जुन्या ऑर्डरीपुढे जुनेच चित्र राहील अशी व्यवस्था ॲप बनवून घेतानाच सांगून ठेवावी.