रंग सगळ्यात शेवटी

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. याच गावात रूट वनच्या कडेला फोर्डचा कारखाना होता आणि त्यातून मस्टँग गाड्या बाहेर पडत, हे मात्र आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. शेजारच्या गावाच्या नावावरून त्याला मेटाचेन प्लँट म्हणत. २००४ मध्ये तो बंद पडला. माझी १९६६ ची मस्टँग तिथलीच. तिचा क्रमांक ‘६टी०७सी’ने सुरू होतो: सहा म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटाचेन, ०७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी हा क्रमांक शोधा. त्या काळी तो डॅशबोर्डवर दिसत नसे. दारावर पट्टी असते, पण दार बदलता येते. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरच्या पत्र्यावर जो ठोकलेला असतो, तो खरा. तो आणि टायटलवरचा क्रमांक जुळला नाही, तर व्यवहाराचे पुढचे बोलणेच नको.

मला ही गाडी ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ म्हणून विकली गेली. रंग तर असा की आरशासारखे तोंड दिसावे. घरी आणल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला. खाली जुन्या कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, त्यावर फायबरग्लास आणि त्यावर जाड डांबरी लेप. लेप खरवडला तसे हाताला गंजाचे पापुद्रे लागले.

पत्रा तिथेच का कुजतो, हे कळल्याशिवाय तो बदलण्यात अर्थ नाही. समोरच्या काचेपुढच्या जाळीखाली पत्र्याची एक पोकळ पेटी असते. तिला काऊल म्हणतात. पावसाचे पाणी त्या पेटीत पडून दोन्ही टोकांनी बाहेर निघून जावे, अशी योजना आहे. गाडीत हवा यावी म्हणून पेटीच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात आणि त्यांच्याभोवती पत्र्याची उभी कड. झाडांची पाने नि माती तिथे साचते, ओल हटत नाही, कड गंजून खाली बसते आणि मग प्रत्येक पावसाचे पाणी थेट आतल्या फरशीवर. फरशीचा नवा पत्रा तुलनेने स्वस्त आहे. काऊल दुरुस्त करायचे तर पुढचे फेंडर उतरवून जाळीच्या पत्र्याचे कितीतरी स्पॉटवेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. फरशी नवी घातली आणि काऊल तसेच राहिले, तर काही वर्षांत तीच फरशी पुन्हा कुजणार.

ही परीक्षा गाडी घेण्याआधी करता येते. जाळीत बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरा. आत एक थेंबही पडता कामा नये. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. मऊ कापडात गुंडाळून तो चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्यावर किंवा पत्र्याच्या जागी जाड पुट्टी आहे.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून फरशी कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड करून सांगाडा बांधून घ्यायचा, एका वेळी एकच बाजू कापायची आणि दार नीट लागते ना हे मधून मधून बघत राहायचे. सांगाडा एकदा खचला की दारांच्या फटी कधीच सारख्या येत नाहीत. आणखी एक, आणि हे जिवाशी आहे: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रावके असतात. त्यांनी पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगच्या जागी तो डबा ठेवूच नका.

आता ब्रेक. या विषयावर मी कुणाचेही ऐकत नाही.

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकेरी होता. चारही चाकांना तेल पोचवणारा मार्ग एकच. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होज माझ्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर फुटला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता, रबर आतून कुजले होते. पॅडल एकदम तळाला टेकले. गाडी माणसाच्या चालीने सरकत होती आणि डॅशखालची हँडब्रेकची मूठ जोरात ओढल्यावर थांबली, गॅरेजच्या दाराच्या अलीकडे. संध्याकाळी त्याच ड्राइव्हवेवर शेजारची मुले बास्केटबॉल खेळतात.

१९६७ च्या मॉडेलपासून फोर्डने दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. पुढच्या चाकांचे तेल वेगळे, मागच्यांचे वेगळे. तो आधीच्या गाडीलाही बसवता येतो. थोडी पाइपिंग बदलावी लागते, इतकेच. जुनी मस्टँग रस्त्यावर आणणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे माझे ठाम मत आहे. मूळपणाचा आग्रह धरणारे नाके मुरडतील, मुरडू द्या. तिन्ही रबरी होज, चाकांतले सिलिंडर आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या एकदमच नव्या घाला.

ड्रम उघडाल तेव्हा आतली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. धूळ ओली करून पुसा, ते फडके पिशवीत बंद करा आणि तोंडावर योग्य मास्क लावा.

पेट्रोलची टाकी हाही असाच विषय. ती डिकीत वरून सोडलेली असते आणि टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची फरशी. डिकी आणि मागच्या सीटमध्ये फक्त पुठ्ठ्यासारखा पडदा असतो, पोलाद नाही. तिथे बसवायचा पोलादी पत्रा मिळतो, तो जरूर घाला. टाकी गळत असेल तर वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. नवी टाकी मिळते. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलचे होजही नवे हवेत.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. ते साधे आहे आणि त्यावर माहितीही भरपूर मिळते. भारतात मिलिमीटरच्या पान्यांवर वाढलेल्यांना एवढे सांगतो की या गाडीत सगळे इंचात आहे. अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टला तेराचा पाना लागल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की निसटून त्याचे कोपरे खातो. इंचाच्या पान्यांचा संच आधी घ्या. वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. मध्ये रिले घातला तर उजेड वाढतो आणि स्विच तापत नाही. बॅटरी तोडायचा स्विचही बसवा.

पुण्या-मुंबईत जुनी डॉज किंवा शेव्हरोले सांभाळणारे लोक आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये एकेकाळी डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जात. गंज, होज, धूळ यांचे वर सांगितलेले सगळे त्यांनाही लागू आहे. फरक सुट्या भागांचा. १९६६ च्या एका मॉडेल वर्षात सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या. त्यामुळे तिचा पत्रा, काचा, रबरे, अगदी अख्खा सांगाडासुद्धा आजही नवा बनून मिळतो. कमी खपलेल्या गाडीला एक टेललाइट शोधण्यात वर्ष जाते. पहिलीच जुनी गाडी घरी दुरुस्त करणार असाल तर जिचे भाग मिळतात तीच घ्या.

आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. सिमेंटच्या सपाट जमिनीवर चारही जॅकस्टँड लावा, गाडी दोन्ही हातांनी हलवून बघा आणि घरात कुणीतरी आहे अशाच वेळी काम करा.

माझ्या मस्टँगचा रंग अजून व्हायचा आहे. दारे राखाडी प्रायमरमध्ये आहेत, बॉनेटला मूळचा निळा दिसतो. ब्रेक, फरशी, टाकी आणि वायरिंग पूर्ण झाले आहे आणि गाडी तशीच रस्त्यावर धावते. तुम्हीही पैसे याच क्रमाने घाला.