लोणारची पांढरी पापडी

लोणारचं विवर काठावरून बघितलं की वाटतं, हे काय, दहा मिनिटांत खाली! उतरायला खरंच फार वेळ लागत नाही. मी एप्रिलात साडेदहाला उतरले. पायात चपला, पिशवीत लिटरभर पाणी नि पिठलं-भाकरी. गाइड घेतला नाही; तेवढेच पैसे वाचले म्हणून खूश.

विवर सुमारे १३७ मीटर खोल. तळाच्या बाभळीत वारा म्हणून नाही, सगळं ऊन त्या वाटीत साचलेलं. मधल्या तळ्याच्या पाण्यालगत पांढरी, भेगाळलेली पापडी दिसली. कोरडी वाटली म्हणून पाय टाकला, तो थेट पोटरीपर्यंत आत! खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल. धडपडीत डबा कलंडून पिठलं ओढणीवर सांडलं. चप्पल निघाली, पण तिचा अंगठा तुटला होता.

तळ्याच्याच पाण्याने पाय धुतला, ओढणीही खळबळली. पिठल्याचा पिवळा डाग लालभडक! रक्तच वाटलं. हे पाणी अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. हळद त्यात लाल होते. गाइड लोक चिमूटभर हळद टाकून हीच गंमत दाखवतात म्हणे. पाय चुरचुरायला लागला, तेव्हा प्यायचं सगळं पाणी त्यावर ओतलं. खरी चूक ही. चढ अजून पुढेच होता.

तेव्हा सकाळी लवकर उतरा, बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि त्यातलं निम्मं चढासाठी राखा. पांढऱ्या पापडीवर पाय नको. जून २०२० मध्ये मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं होतं. तसा रंग बघायलाही पाण्याला खेटावं लागत नाही, तो काठावरूनच चांगला दिसतो. वानरांसमोर डबा उघडू नका. आणि दगड खिशात घालू नका, हे अभयारण्य आहे.

चढताना चार वेळा बसले. दर वेळी रिकामी बाटली उघडून बघायची, वेड्यासारखी. वर सरबतवाल्या मावशींनी माझा अवतार बघून विचारलं, "एवढ्या उन्हात खाली कायले गेल्या, ताई?" उत्तर द्यायला घशात ओल नव्हती. हात थरथरत होते. लिंबू सरबत ओढणीवर सांडलं, आणि तो लाल डाग सांडलं तेवढ्यापुरता पुन्हा पिवळा झाला.