औजाराचे वजन कुठे असावे, कुठे नसावे



देवणी हे नाव देशभरच्या पशुपालकांना ठाऊक आहे ते इथल्या गोवंशामुळे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा, पांढऱ्या अंगाची पण तोंडावर काळा रंग असलेली वानेरा आणि संपूर्ण पांढरी बालंक्या असे या जातीचे तीन प्रकार. दूध आणि ओढकाम या दोन्ही कामांसाठी तिची ख्याती आहे. अशा बैलांच्या गावाजवळ बसून माणसाने ढकलायच्या कोळप्याविषयी लिहिणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु ज्या घरी दोन-तीन एकर जमीन आहे आणि वर्षभर जोडी पोसण्याइतका कडबा नाही, त्या घराची जुलै महिन्यात काय ओढाताण होते, हे आपण सर्वजण पाहतो.

सोयाबीनमध्ये पेरणीनंतरचे पहिले 30 ते 45 दिवस तणविरहित ठेवणे आवश्यक असते. पहिली कोळपणी 15 ते 20 दिवसांनी आणि दुसरी साधारण 30 दिवसांनी करावी लागते. पीक फुलोऱ्यात आल्यावर कोळपणी करू नये. आपल्या काळ्या जमिनीत वाफसा येतो आणि पाहता पाहता जातो. नेमक्या त्याच दिवसांत भाड्याची जोडी दुसऱ्याच्या शेतात असते आणि खुरपणीला मजूर मिळत नाहीत. उशिरा झालेल्या कोळपणीचे पैसे तर जातातच, पण तोवर तणाने खाल्लेले खत परत मिळत नाही. म्हणून स्वतःच्या घरात, खुंटीला टांगून ठेवता येईल असे एखादे औजार असणे गरजेचे आहे.

हे नवे नाही. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल वापरून कोळपे तयार केले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. आज अशी कोळपी ठिकठिकाणी वेल्डिंगच्या दुकानात बनतात. मात्र त्यातली बरीचशी जड असतात, आणि याच मुद्द्यावर येथे सविस्तर लिहायचे आहे.

माणसाच्या अंगात जोर किती?

दिवसभर टिकेल अशी बैलाची ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी धरतात. जोडीचे वजन 800 किलो असेल तर ओढ 80 किलो. ताशी अडीच किलोमीटर चालीने ही सुमारे पाऊण अश्वशक्ती होते. माणूस सलग कामात अश्वशक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा देतो. म्हणजे ताशी दोन किलोमीटर चालताना त्याला बारा-तेरा किलोचाच रेटा टिकवून धरता येतो. कोळप्याचा सारा संसार या बारा-तेरा किलोत भागवायचा आहे.

आता चाल पाहू. दोन ओळींत 45 सेंटीमीटर अंतर असेल तर एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे 9 किलोमीटर भरते. एका ओळीतून एकदाच गेलो तरी 9 किलोमीटर चालणे आले. तास 100 मीटर लांबीचे असतील तर 90 वेळा कोळपे उचलून वळवावे लागते. 8 किलोच्या ऐवजी 14 किलोचे कोळपे असेल तर जादा 6 किलो 90 वेळा, म्हणजे एकरामागे 540 किलो वजन आपण विनाकारण उचलतो. साडेपाच क्विंटल! सोयाबीनचे एकरी इतके उत्पादनही कित्येक वर्षी हाती लागत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. घरच्या शेतासाठी पहिले कोळपे करून घेतले तेव्हा 'मजबूत पाहिजे' एवढेच मी कारागिराला सांगितले. त्याने जाड अँगल वापरला, औजार 14 किलोचे झाले. ते मोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते कोणी वापरलेच नाही. वहिनींनी दोन ओळी चालवून पाहिल्या, कोळपे बांधाला टेकवले आणि काही न बोलता खुरपे हाती घेतले. कृषीची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कोण देणार?

सांगाडा

एकाच वजनाची भरीव सळई आणि पोकळ नळी घेतली तर नळी कितीतरी कमी वाकते. गव्हाची काडी आणि बांबू हेच सांगतात. म्हणून दांडा सायकलच्याच नळीचा घ्यावा. औजार मोडते ते बहुधा जोडाजवळ. तेथे लहान त्रिकोणी पट्टी डागून घ्यावी, सगळा दांडा जाड करू नये.

चाक मात्र सायकलचेच असावे, लहान गाड्याचे नको. मोठे चाक ढेकळावरून सहज जाते, लहान चाक ढेकळापुढे अडते. बैलगाडीच्या चाकाचा लाकडी आरा दाब सोसून वजन पेलतो. सायकलची बारीक तार दाबली तर वाकेल, परंतु ताण ती उत्तम सोसते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात आणि दीड-दोन किलोचे चाक माणूस व धान्याचे पोते दोन्ही वाहते. यासाठीच ढिली झालेली तार वेळीच आवळून घ्यावी. बाभळीच्या काट्यांमुळे हवेच्या ट्यूबचा नाद सोडावा.

सगळे बोल्ट एकाच मापाचे वापरावेत, म्हणजे शेतात एक पाना पुरतो.

पात

'जड औजारच जमिनीत शिरते' हा समज वखरावरून आला. वखरावर आपण दगड ठेवतो, कारण ओढायला बैल असतात. कोळप्यात हे काम धार आणि कोन यांनी करायचे. पात जुन्या कमानपट्टीची घ्यावी आणि दोन-तीन सेंटीमीटर खोलीवर चालेल अशी, पुढे किंचित झुकवून बसवावी. तण मुळाशी कापले गेले की पुरे, जमीन उकरायची नाही.

पातीची रुंदी ठरवण्यासाठी हूकचा स्प्रिंग काटा वापरावा. काटा कोळप्याच्या पुढच्या बाजूला बांधून एकाने दोरी शक्यतो आडवी ठेवून ओढावी, दुसऱ्याने हँडल फक्त धरावे, ढकलू नये. काटा 12 किलोच्या आत राहिला तर 9 इंची पात चालेल. 15 च्या पुढे गेला तर 6 इंची पात लावावी. पण लक्षात घ्या, अरुंद पातीने त्याच ओळीत दोनदा जावे लागले तर 9 चे 18 किलोमीटर होतात. अशा वेळी दोन दिवस थांबून जोडी भाड्याने मिळत असेल तर तीच लावलेली बरी.

हँडलची उंची चालवणाऱ्याच्या कोपराच्या थोडी खाली यावी. नवरा-बायको दोघे आलटून पालटून चालवणार असतील तर दांड्याला दोन-तीन छिद्रे पाडून घ्यावीत. कारागिराकडे जाताना ज्या व्यक्तीला ते जास्त वापरायचे आहे तिलाच सोबत न्यावे. हे साधे काम आपण सहसा करत नाही.

या कोळप्याच्या मर्यादाही आहेत. हराळी आणि लव्हाळा यांच्यापुढे ते हतबल आहे. ओल्या जमिनीत पातीला गारा चिकटतो आणि वाळून तडकलेल्या जमिनीत पात वरवर घसरते. ते खरे कामाचे वाफशावर आणि तण दोन-चार पानांचे असतानाच. ओळीतले, रोपाला लागून असलेले तण खुरप्यानेच काढावे लागेल.

हंगाम संपला की पात काढून धुवावी, कोरडी करून जळके ऑइल लावावे आणि गोणपाटात गुंडाळून ठेवावी. चाकाच्या आसाला ग्रीस भरून कोळपे वळचणीला टांगावे.