सोळा तारांचे गणित : एका जुन्या संगणकाची मेमरी वाढवताना



"कॉम्प्युटर स्लो झालाय, रॅम वाढवून घेऊ" हे वाक्य मुलांनी घरी ऐकलेलं असतं. पण रॅम किती वाढवता येते? ती मर्यादा कशामुळे येते? आजच्या संगणकावर हे दाखवणं अवघड जातं, कारण आकडे अब्जांत जातात. म्हणून १९८३ सालचा एक छोटा संगणक उदाहरणाला घेऊ.

ओळख
अमेरिकेतल्या टँडी कंपनीचा टीआरएस-८० मॉडेल १०० हा वहीच्या आकाराचा, मांडीवर ठेवता येणारा संगणक. तो जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवला. पडद्यावर ८ ओळी, प्रत्येक ओळीत ४० अक्षरे. चार पेन्सिल सेलवर तो चालायचा, म्हणून पत्रकार तो बातमीच्या ठिकाणी सोबत नेत.

सर्वांत स्वस्त यंत्रात रॅम फक्त ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट. एका इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. पडद्यावर ३२० अक्षरे मावतात, तर पंचवीस पडदे भरले की जागा जवळपास संपली!

वाढवण्याचे तीन मार्ग

१) रिकामी जागा भरणे : आत ८-८ किलोबाइटचे आणखी तीन तुकडे बसत. एकूण झाले ३२. त्यापुढे मात्र नाही. का? प्रोसेसरकडून मेमरीचा पत्ता सांगायला सोळा तारा आहेत. प्रत्येक तार चालू किंवा बंद. दोनाला दोनाने गुणत सोळा वेळा गेलो की ६५,५३६ पत्ते होतात. त्यातले अर्धे कायमच्या प्रोग्रामसाठी, म्हणजे रॉमसाठी राखीव. उरले ३२,७६८. जास्त चिप आणली तरी तिला द्यायला घरनंबरच नाही!

२) पाळी लावणे : यंत्राच्या तळाशी एक झाकण आहे. त्याखालच्या खाचेत जादा रॉम बसवता येते, उदाहरणार्थ हिशेबाचे तक्ते करणारा प्रोग्राम. तिला पत्ता कुठला? मूळ रॉमचाच. एका वेळी दोघींपैकी एकच कामावर. आपल्याकडे एकाच इमारतीत सकाळची आणि दुपारची शाळा भरते, अगदी तसंच.

३) बाहेर कपाट ठेवणे : टँडीचा छोटा डिस्क ड्राइव्ह केबलने जोडायचा. त्याच्या फ्लॉपीवर १०० किलोबाइट मावत. ही माहिती केबलमधून ये-जा करते, म्हणून तिला त्या ६५,५३६ पत्त्यांतला पत्ता लागत नाही. पण ती रॅमसारखी लगेच हाती येत नाही आणि सोबत आणखी एक वस्तू बाळगावी लागते. म्हणजे प्रत्येक वाढीची काहीतरी किंमत असतेच.

वर्गात करून पाहा (इयत्ता ५ वी पासून पुढे)
एका मुलाला उभं करा. हात वर किंवा खाली : २ खुणा. दोन मुलं : ४. तीन मुलं : ८. चार मुलं : १६. आता विचारा, "पाचवा मित्र आला तर किती वाढतील?" बरीच मुलं "दोन" म्हणतील. लगेच चूक म्हणू नका, सगळ्या खुणा फळ्यावर मांडायला लावा. एक तार वाढली की पत्ते दुप्पट होतात, हे त्यांना स्वतःला सापडू द्या. मग सोळापर्यंतचा तक्ता वहीत करून घ्या.

सावधान
असं जुनं यंत्र कुणाकडे असेल तर मुलांच्या हाती उघडायला देऊ नका. मेमरी टिकवणारी आतली बॅटरी जुनी झाली की गळते आणि सर्किट खराब करते. मोठ्या माणसाने आधी ती तपासावी. चिप बसवण्यापूर्वी सेल काढावेत आणि तळाचं मेमरीचं बटण बंद करावं. रॅममधलं सगळं त्याने पुसलं जातं, म्हणून हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं.

पालकांसाठी
घरचा लॅपटॉप कमी पडतोय असं वाटलं की लगेच नवीन घेण्याआधी मुलाला सोबत बसवा आणि तीन प्रश्न शोधायला लावा. आत रिकामी खाच आहे का? हे यंत्र जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतं? बाहेरून जोडून काम भागेल का? उत्तर कधी "नवीनच घ्यावा लागेल" असंही येईल. पण मग ते जाहिरात पाहून आलेलं नसेल, मुलाने हिशेब करून काढलेलं असेल.

आपल्या वर्गात हा उपक्रम जरूर करून पाहा. मुलं कोणती उत्तरं देतात ते नक्की कळवा.