आधी मीठ धुवा, मग लव्हाळा लावा

मोरा बंदरात मोठी ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याच्या लाँचला पाण्याची वाट बघत थांबावं लागतं. हा गाळ काळाभोर आणि लोण्यासारखा मऊ. पाणझाडं लावू पाहणाऱ्या माणसाचा हात तिकडे वळणं स्वाभाविक आहे. झाड पाण्यातलं, गाळ पाण्याखालचा, मग जमणार नाही कसं? जमत नाही, आणि का जमत नाही हे आधी नीट समजून घ्यावं, कारण उरणच्या या टोकाला पाणलव्हाळा जगतो की मरतो ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

ज्या झाडाविषयी लिहितो आहे त्याला नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणतात. तो पाम नव्हे. भातखाचरातला लव्हाळा आणि उटण्यातला नागरमोथा ज्या मोथा कुळातले, त्याच कुळातला हा आफ्रिकेकडचा भाऊबंद. शास्त्रीय नाव सायपरस इन्व्होलुक्रेटस. जुन्या पुस्तकांत सायपरस अल्टर्निफोलियस असंही सापडतं. कमरेएवढ्या, कधी छातीपर्यंत वाढणाऱ्या हिरव्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली पानं. इजिप्तमध्ये ज्याच्यापासून लिहायचे पट्ट बनवत तो पपायरस याचाच मोठा भाऊ. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमळटाक्यांना हे झाड हवं असतं, सांडपाणी गाळायच्या वाफ्यांनाही हवं असतं. परसात दहा-बारा टब मांडायची जागा असेल त्याने हे जरूर करून पाहावं.

आता मिठाकडे येऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १५ लिटरच्या बादलीत अर्धा किलोहून थोडं जास्त मीठ. बंदरातला गाळ या पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेला असतो. पाणलव्हाळ्याची मुळं कायम ओली राहू शकतात, पण खारट पाण्यातून त्यांना पाणी ओढून घेता येत नाही. टबभर पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं वाळतं. पानांची टोकं आधी तपकिरी होतात, मग कडा, आणि मग मधला कोवळा कोंब बसतो. मी पहिल्या वर्षी विहिरीचं पाणी जिभेला गोड लागलं म्हणून टब भरले आणि आठव्या दिवशी सगळ्या छत्र्यांची टोकं करपलेली पाहिली. जिभेवर विसंबू नका. पाणी शुद्ध करणारी यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिराच्या खिशात टीडीएस मीटर असतो, तसा एक घ्या. आकडा ४५० च्या आत असेल तर निश्चिंतपणे वापरा. २००० च्या पुढे असेल तर ते पाणी या झाडाला घालू नका. मधल्या आकड्यांचं पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून चालवता येतं. रानसई धरणाचं नळाचं पाणी या कामाला चांगलं, पण उन्हाळ्यात ते माणसांनाच पुरवून वापरावं लागतं, म्हणून पागोळीखाली पिंप लावणं हीच पहिली तयारी. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पत्र्यावरचं हे गोडं पाणी खाडीत वाहून जाऊ देणं बरं नाही.

माती कोणती? आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याने याचं उत्तर केव्हाच शोधून ठेवलेलं आहे. बाहेरकाठा धरून भरती अडवायची, मृगाचं पाणी खाचरात साठू द्यायचं, चिखल ढवळायचा, खारवट झालेलं पाणी ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं आणि असं दोन-चार वेळा झालं की मगच रोप लावायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी क्षार सोसणारी भातवाणं दिली, तरी पहिल्या पावसाने जमीन धुऊन घेण्याला पर्याय नाही. टबातल्या चिखलालाही हाच न्याय लावा.

डोंगराकडच्या शेताची चिकणमाती तीन भाग आणि कुजलेलं शेणखत एक भाग घ्या. समुद्रकाठची वाळू किंवा शिंपल्यांची चुरी अजिबात नको. हे मिश्रण तळाला भोक असलेल्या बारा इंची कुंड्यांत भरून मृगाच्या पहिल्या सरीपासून उघड्यावर ठेवा. मुंबईकडे मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो असं हवामान खातं धरतं, म्हणजे मृग आणि आर्द्रा मिळून तीन-चार आठवडे कुंडीतून पाणी आरपार जाईल. नंतर पारख करा. मूठभर माती तांब्याभर पावसाच्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी वर आलेल्या नितळ पाण्यात मीटर बुडवा. आकडा हजाराच्या खाली आला असेल तर लावणीला हरकत नाही, नाहीतर पुनर्वसूही पावसात जाऊ द्या.

तोवर रिकामं बसायचं नाही, कारण रोपं तयार करायची हीच वेळ आहे. निरोगी झाडाची छत्री दोन-अडीच इंच दांडीसकट कापा. पानं कात्रीने निम्मी छाटा. मग ती उलटी करून, दांडी वर आणि छत्री खाली, पावसाच्या पाण्याच्या उथळ परातीत तरंगत ठेवा. कडक ऊन लागू देऊ नका, पाणी दोन दिवसांनी बदला. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून पांढरी मुळं आणि बारीक कोंब एकदमच निघतात. मृगात कापलेली छत्री आर्द्रा संपता संपता लावायला तयार होते, आणि त्याच सुमारास तुमची मातीही धुऊन झालेली असते. जुना गड्डा असेल तर करवतीने चार फोडी केल्या तरी चालतं. प्रत्येक फोडीला चार-पाच दांड्या आणि मुळांचा झुबका हवा.

लावल्यावर कुंडी टबात ठेवा आणि पहिले पंधरा दिवस पाणी मातीच्या पातळीलाच ठेवा. कोंब वीतभर झाले की मातीवर दोन इंच, झाड भरलं की चार-पाच इंच. टबाला त्या उंचीवर एक भोक पाडा, नाहीतर एका रात्रीच्या पावसात लहान रोपं बुडतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळालं तर दांड्या ताठ येतात. सावलीत झाड जगतं, पण लांबट होऊन कलतं. खाडीवरच्या वाऱ्याला भिंतीचा आडोसा द्या. खत पाण्यात टाकू नका, शेवाळ माजतं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखताची पुरचुंडी चिखलात बोटभर खोल दाबली की पुरे. टबात चार गप्पी मासे सोडायला विसरू नका, डेंग्यूचे डास अशाच साठल्या पाण्यात होतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि त्यातच पाऊस असला तर कोळीवाड्याच्या खालच्या अंगणांत खाडीचं पाणी येऊ शकतं. टब विटांवर उचलून ठेवा. पाणी शिरलंच तर भांगाची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी टब रिकामा करा, कुंडी बाहेर काढून पावसात ठेवा आणि गोड्या पाण्याने तीनदा धुऊन काढा. एका दिवसाचं खारं पाणी झाड बहुधा सोसतं, आठवडाभराचं सोसत नाही.

ज्यांच्या घरामागे न्हाणीचं पाणी उघड्यावर वाहतं त्यांच्यासाठी हे झाड खरोखर कामाचं आहे. माणशी एक ते दोन चौरस मीटर या हिशोबाने दोन फूट खोल वाफा करा, तळ आणि बाजू सिमेंटने पक्क्या बांधा. आत गोटी खडी भरा आणि दीड-दोन फुटांवर एक झाड लावा. पाणी एका टोकाने आत येईल, खडीच्या आतून संथ वाहील आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल, असा बेत ठेवा. पाण्याची पातळी खडीच्या वर येऊ द्यायची नाही. त्यामुळे डासही होत नाहीत. घाण खाण्याचं मुख्य काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीव करतात, झाड त्यांना घर आणि थोडा प्राणवायू पुरवतं. म्हणून स्वयंपाकघराचं तेलकट पाणी आधी तेल अडवणाऱ्या छोट्या टाकीतून आणा आणि ब्लीचिंग पावडर त्यात सोडू नका. शौचालयाचं पाणी या वाफ्यात आणायचं नाही. बाहेर आलेलं पाणी केळीला द्या, पालेभाजीला नको.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हे झाड टबात किंवा पक्क्या वाफ्यातच ठेवा. पाणजे, भेंडखळच्या पाणथळीत, ओढ्याच्या काठी, पडीक खाचरात हौसेनं लावू नका. ऑस्ट्रेलियात आणि हवाईत ते बागेतून निसटून ओढ्याकाठचं तण झालेलं आहे. पाणजेला हिवाळ्यात येणाऱ्या चिखलपायांना आणि तुतवारांना उघडा चिखल आणि उथळ पाणी लागतं. तिथे हिरवी गर्दी उभी राहिली तर त्यांनी चरावं कुठे? वाफ्यासाठी तिवरं तोडणं तर दूरच राहो, ती कायद्याने संरक्षित आहेत, आणि बांधाला खांड पडण्यापासून वाचवणारीही तीच आहेत. आपल्या खाचरातल्या लव्हाळ्याने किती छळलं ते आठवा. वरून उपटला तरी खालच्या गाठी शाबूत, नांगरला तर गाठी आणखी पसरतात. शेताची माती कुंडीसाठी आणाल तेव्हा ती वाळवून, चाळून, काळ्या गाठी वेचूनच घ्या, नाहीतर विकलेल्या प्रत्येक कुंडीबरोबर गिऱ्हाइकाच्या बागेत तो जाईल.

हस्ताचा पाऊस सरला की निगा बदलते. पिवळ्या दांड्या बुडातून कापा. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी धरतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. गप्पी असतील त्या टबात औषध मारू नका. आणि टबातलं पाणी आटलं म्हणून वरून भर घालत राहू नका. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. गोड्या पाण्याने भरलेला टबही मार्चपर्यंत असा खारवतो आणि मग टोकं करपतात. महिन्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून पिंपातल्या पाण्याने पुन्हा भरा. काढलेलं पाणी जाळीतून गाळून घ्या, म्हणजे बी आणि तुकडे बाहेर जाणार नाहीत, आणि ते नारळाच्या आळ्यात ओता. नारळाला तेवढं मीठ चालतं.